परिपाठातली बातमी: आठवी ते दहावीच्या मुलांना बातमी पारखायला कसे शिकवावे

बहुतेक मराठी शाळांच्या परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष यांच्या जोडीला ‘आजच्या ठळक बातम्या’ असतात. एखादा विद्यार्थी पेपरमधले पाच मथळे मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात आणि रांगा वर्गात जातात. ही पाच मिनिटे वेळापत्रकात आधीपासूनच आहेत. त्यांना आठवड्यातून एका तासिकेची जोड दिली, तर सहा आठवड्यांत मुले बातमी कुठून आली, कोणी सांगितली आणि तिच्यावर कितपत विसंबायचे हे स्वतः ठरवू लागतात. त्यासाठी वेगळा विषय किंवा वेगळे पुस्तक लागत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या. ‘खोट्या बातम्या ओळखणे’ एवढेच ध्येय ठेवले तर उपक्रम फसतो. महिनाभर फक्त खोट्या गोष्टी दाखवल्या की मुले ‘सगळेच पेपर विकलेले, कशातच काही खरे नसते’ असे म्हणू लागतात. असे म्हणणारा मुलगा पुढच्या अफवेला तितक्याच सहज बळी पडतो, कारण खरे-खोटे वेगळे करण्याचे कष्टच त्याने सोडून दिलेले असतात. म्हणून तपासायला दिलेल्या दर तीन गोष्टींपैकी किमान एक पूर्णपणे खरी, नीट शहानिशा करून छापलेली असावी. खऱ्याला कारणासहित खरे म्हणता येणे हेही शिकवावेच लागते.

तयारी

चाळीस मुलांच्या वर्गाचे पाच-पाच जणांचे आठ गट करा. एकाच तारखेचे दोन वेगवेगळ्या मराठी दैनिकांचे चार-चार अंक मिळवा, म्हणजे प्रत्येक गटाला एक अंक येईल. विकत घेण्याची गरज नाही. आठवडाभर आधी पालकांना एक तारीख कळवा आणि त्या दिवशीचा अंक रद्दीत न टाकता शाळेत पाठवायला सांगा. रविवार टाळा, कारण पुरवण्यांच्या गर्दीत बातम्या हरवतात. मंगळवार ते गुरुवारमधला अंक चांगला.

याशिवाय तीन ते सहा महिने जुने काही अंक लागतील. ताज्या बातमीचे पुढे काय होणार हे शिक्षकालाही माहीत नसते. जुन्या बातमीचे झालेले असते, त्यामुळे ‘होण्याची शक्यता’ म्हणून छापलेले किती झाले, हे वर्गातच पडताळता येते. प्रत्येक गटाला तीन रंगांच्या पेन्सिली, कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक शंभरपानी वही द्या. तिला ‘बातमीवही’ म्हणा. स्मार्टफोन एकच पुरे, आणि तो शिक्षकाकडेच राहू द्या.

विषय निवडताना पहिले तीन आठवडे पाऊस, पाणी, एसटी, परीक्षा, बाजारभाव यांवरच थांबा. निवडणूक, आरक्षण, धार्मिक तणाव हे विषय चौथ्या आठवड्यानंतर, वर्गाला पद्धतीची सवय झाल्यावर घ्या. आधीच घेतले तर मुले बातमी तपासत नाहीत, आपली बाजू राखतात. ‘तुमच्या घरी याबद्दल काय म्हणतात?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगा, किंवा सांगूच नका. सर किंवा बाई कोणत्या बाजूच्या आहेत हे कळताच निम्मा वर्ग तीच बाजू घेतो.

पहिला आठवडा: पेपर उलगडून पाहणे

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पहिली दहा मिनिटे मुलांना अंक हाताळू द्या आणि काही गोष्टी शोधायला लावा. सर्वांत आधी, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक टायपातली ओळ: मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण आणि अंक कुठे छापला. प्रत्येक अंकावर ही माहिती छापणे कायद्याने बंधनकारक आहे. चुकीचे छापले तर कोणाला जबाबदार धरायचे हे त्या ओळीवरून कळते. मोबाइलवर आलेल्या मजकुराला अशी ओळ आहे का, हा प्रश्न तिथेच विचारा.

मग बातमीच्या सुरुवातीचे गावाचे नाव आणि बातमी देणाऱ्याचा उल्लेख पाहा: वार्ताहराचे नाव, ‘प्रतिनिधी’, ‘वृत्तसंस्था’ (अनेक पेपरांना बातम्या पुरवणारी संस्था), ‘पीटीआय’ (अशीच एक वृत्तसंस्था). दोन्ही पेपरांत एकच बातमी शब्दशः सारखी सापडली तर मुले खूश होतात, ‘दोन ठिकाणी आली म्हणजे खरी!’ इथे थांबून समजावून सांगा. मजकूर सारखा असेल तर दोन्ही पेपरांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी किंवा एकाच कार्यालयाचे प्रसिद्धिपत्रक छापले आहे. पेपर दोन असले तरी स्रोत एकच. हा मुद्दा पुढे व्हॉट्सअॅपच्या वेळी फार उपयोगी पडतो, कारण पाच ग्रुपवर आलेला निरोपही बहुतेकदा एकाच ठिकाणाहून निघालेला असतो.

शेवटी बातमीसारखी दिसणारी जाहिरात शोधायला सांगा. कोपऱ्यात अगदी लहान अक्षरांत ‘जाहिरात’ किंवा तशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग असतो. काही वेळा तोही नसतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर गाजला आणि वृत्तपत्रांच्या आचारावर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल तयार केला. खूण सोपी आहे: वार्ताहराचे नाव नाही, दुसऱ्या बाजूचा एकही शब्द नाही, कौतुकाला कुठे अडसर नाही.

दुसरा आठवडा: क्रियापदांवर बोट

या तासिकेला सर्वांत जास्त वेळ द्या, जमल्यास दोन तासिका द्या. मराठी बातमीचा कल बहुतेकदा विशेषणांपेक्षा क्रियापदांत लपलेला असतो आणि मुलांना मराठीच्या तासाला क्रियापद ओळखता येत असते, त्यामुळे ही पायरी त्यांना लवकर जमते.

एक मध्यम लांबीची बातमी द्या, साधारण दोनशे शब्दांची. निळ्या पेन्सिलीने पडताळता येण्याजोगी माहिती अधोरेखित करायची: तारीख, ठिकाण, आकडा, घडलेली घटना. हिरव्याने कोणीतरी म्हटलेले. लालने वार्ताहराचे किंवा पेपरचे मत. मग हिरव्या ओळींतली क्रियापदे फळ्यावर लिहा: म्हणाले, सांगितले, दावा केला, आरोप केला, स्पष्ट केले, कबूल केले, फेटाळून लावले.

आता एकच वाक्य घ्या. ‘पाण्याची टाकी दुरुस्त झाली आहे, असे सरपंच म्हणाले.’ ‘…असे सरपंचांनी स्पष्ट केले.’ ‘…असा दावा सरपंचांनी केला.’ सरपंचांचे शब्द तेच. ‘स्पष्ट केले’ म्हटले की वाचक ते खरे धरून चालतो, ‘दावा केला’ म्हटले की त्याला शंका येते. ‘म्हणाले’ कोणाचीच बाजू घेत नाही. प्रत्येक गटाने आपल्या बातमीतली क्रियापदे बदलून ती परत वाचायची आणि कोणत्या बदलाने अर्थ झुकला ते वहीत लिहायचे.

यानंतर कर्ता नसलेली वाक्ये शोधायला लावा. ‘असल्याचे समजते’, ‘असे बोलले जात आहे’, ‘जोरदार चर्चा आहे’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: कोणाला समजते? कोण बोलते? नाव न छापण्यामागे कधी रास्त कारण असते. भ्रष्टाचाराची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव छापले तर त्याची नोकरी जाईल. पण बदली होणार, तिकीट मिळणार अशा बातमीत सूत्रे असतील तर सांगणाऱ्याचा स्वार्थ काय असू शकतो, हे विचारलेच पाहिजे. मुलांना ‘सूत्रे म्हणजे खोटे’ असे शिकवू नका.

आणखी एक जोडी फळ्यावर लिहा: ‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’. ‘लागला’मध्ये दुसरा मार्गच नव्हता असे गृहीत धरलेले आहे. ‘सौम्य’ हा शब्द कोणाचा: मारणाऱ्याचा, मार खाणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा? मुलांना दुसऱ्या बाजूच्या पूर्वग्रहाचाही नमुना द्या: ‘पोलिसांनी निष्पाप आंदोलकांना झोडपले.’ ‘निष्पाप’ हे वार्ताहराने कसे ठरवले? दोन्ही वाक्यांतून निळ्या पेन्सिलीला काय उरते, ते लिहून काढायचे.

या पायरीवर ठरलेली चूक अशी होते की मुले लाल रेघ म्हणजे वाईट असे समजतात आणि अग्रलेखही ‘पक्षपाती’ ठरवून मोकळी होतात. अग्रलेखात मत असायलाच हवे, त्याची जागाच ती आहे. मत बातमीच्या वेषात आले तर ती अडचण.

तिसरा आठवडा: एक पाऊस, दोन मथळे

पावसाळ्यात हा तास विशेष रंगतो. एका पेपरात ‘तालुक्यात अतिवृष्टी’, दुसऱ्यात ‘जोरदार पाऊस’ असे मथळे असतात. कोणता खरा? मुले चटकन एकाला खोटे ठरवतात. मग मोजमाप समोर ठेवा. राज्याच्या महसूल यंत्रणेत एखाद्या मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानभरपाईसाठी तो निकष महत्त्वाचा असतो. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार. म्हणजे ७० मिलिमीटर पाऊस महसूल खात्याच्या भाषेत अतिवृष्टी आणि हवामान खात्याच्या भाषेत जोरदार. दोन्ही मथळे खरे असू शकतात.

अजून एक मेख आहे. पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती आधीच्या २४ तासांची असते. ‘मंगळवारी ७० मिलिमीटर’ यातला बराचसा पाऊस सोमवारी पडलेला असू शकतो. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय आकडे मिळतात. ते उघडून गावाच्या मंडळाचा आकडा फळ्यावर लिहा. बातमीतला आकडा आणि मूळ नोंद मुलांनी आपल्या डोळ्यांनी शेजारी ठेवून पाहिली की ‘मूळ स्रोत’ म्हणजे काय, हे वेगळे समजावावे लागत नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर टक्केवारी इथेच उरका. समजा, एखाद्या आजाराचे रुग्ण गेल्या महिन्यात २ होते आणि या महिन्यात ४ झाले, तर ‘रुग्णसंख्येत शंभर टक्के वाढ’ हा मथळा गणिताने बरोबर आणि परिणामाने दिशाभूल करणारा. निकाल ९० टक्क्यांवरून ९३ वर गेला तर ती वाढ ३ टक्के नव्हे, ३ टक्केबिंदूंची (दोन टक्केवारींतल्या फरकाची); ९० च्या तुलनेत ती सुमारे ३.३ टक्के होते. स्तंभालेख शून्यापासून सुरू होतो की ८५ पासून, हे पाहायला सांगा. नववीच्या मुलांना तोच आलेख दोन्ही प्रकारे वहीत काढायला लावला की फरक लगेच दिसतो.

चौथा आठवडा: सुट्टीचा आदेश

शाळकरी मुलांना सर्वांत जिव्हाळ्याची अफवा म्हणजे ‘उद्या शाळांना सुट्टी’. जोराचा पाऊस लागला की जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा आदेश ग्रुपवर फिरू लागतो. कधी तो बनावट असतो. पुष्कळदा खराच, पण जुना किंवा शेजारच्या जिल्ह्याचा असतो. वर्गात एक खरा आदेश आणि एक जुना आदेश छापून द्या आणि तपासणीचा क्रम लिहून घ्या: कार्यालय आणि जिल्हा कोणता, जावक क्रमांक आहे का, तारीख आणि वार दिनदर्शिकेशी जुळतात का, संपूर्ण जिल्हा की ठरावीक तालुके, अंगणवाडी, शाळा, महाविद्यालय यांपैकी कोणाला लागू, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, सही कोणाची.

एवढे तपासूनही शंका उरते, कारण आदेशावरची तारीख फोनवर दोन मिनिटांत बदलता येते. मग खरी पायरी येते: कागदातून बाहेर पडा. जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ, जिल्हा माहिती कार्यालय, मुख्याध्यापकांना गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आलेला निरोप, यांपैकी एकाकडे तोच आदेश आहे का?

बाहेर पडून तपासण्याची ही सवय सगळ्यांत मोलाची आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले. बोधचिन्ह, मांडणी, गंभीर भाषा पाहत बसले आणि पुष्कळ जण फसले. तथ्यतपासनीस काही क्षणांतच ते पान सोडून, ही संस्था कोण आणि तिच्याबद्दल इतर काय सांगतात, हे शोधायला गेले. आपल्या शाळांत आपण उलट शिकवतो: उतारा बारकाईने, शेवटपर्यंत वाचा. पाठ्यपुस्तकासाठी ते योग्य. अनोळखी पानासाठी आधी बाहेर जाऊन ओळख काढायची, मग वाचायचे की नाही ते ठरवायचे.

एका फोनवर हे असे करा. प्रत्येक गट काय शोधायचे ते चिठ्ठीवर लिहितो, शिक्षक ते शब्द टाइप करून पहिले पाच निकाल मोठ्याने वाचतात आणि त्यातला कोणता उघडायचा हे गट ठरवतो. सगळ्यांच्या हातात फोन दिला की पहिलाच निकाल उघडला जातो. ‘हे खोटे आहे का’ असा शोध घेऊ नये. दाव्यातली नावे, ठिकाण आणि वर्ष टाकून पुढे ‘फॅक्ट चेक’ जोडावे. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर या तथ्य तपासणाऱ्या संस्थांची मराठी पाने आहेत. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलच्या अफवांसाठी पीआयबी (केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक उपयोगी पडते, मात्र ती सरकारचीच बाजू आहे हे मुलांना सांगा: योजना आहे की नाही यासाठी ती उत्तम, सरकारवरच्या टीकेचा निवाडा करायला ती पुरेशी नाही.

पाचवा आठवडा: फोटो आणि चित्रफीत

सुरुवात निरुपद्रवी नमुन्याने करा. दिवाळीच्या रात्रीचा म्हणून नासाच्या नावाने दरवर्षी फिरणारा भारताचा रंगीबेरंगी फोटो बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. ते एका रात्रीचे छायाचित्र नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या नोंदींवरून रात्रीच्या दिव्यांची वाढ दाखवायला ते तयार केले: पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. चित्र खरे, माहिती खरी, फक्त खालची ओळ खोटी. बहुतेक फसवे फोटो असेच असतात, म्हणून ‘फोटो एडिट केलाय का?’ या प्रश्नाआधी ‘हा फोटो कधीचा, कुठला?’ हा प्रश्न शिकवा.

गूगल लेन्समध्ये फोटो टाका, पण पहिल्या निकालावर थांबू नका. टिनआय या फोटो शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, त्यामुळे आज घडल्याचे सांगितलेला फोटो तीन वर्षांपूर्वी कुठे होता ते दिसते. चित्रफीत असेल तर पाटी, वाहनाचा क्रमांक, गणवेश किंवा दुकानाचे नाव दिसणारे तीन-चार स्क्रीनशॉट काढून एकेक शोधा. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा मागची पाटी जास्त सांगते. काहीच सापडले नाही तर त्यातून ती चित्रफीत खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही, हे वहीत लिहून घ्या. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या आवाज-चित्रांबाबत बोटे मोजा, ओठ पाहा असल्या युक्त्या शिकवू नका. त्या लवकर जुन्या होतात आणि मुलांना खोटा आत्मविश्वास देतात. तिथेही मूळ कुठले, हाच प्रश्न.

यानंतर, दहावीच्या वर्गात, राईनपाडा घ्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भिक्षेकरी होते. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत होते. ती मुळात कराचीत पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली जनजागृतीची फीत होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो भाग कोणीतरी कापून टाकला होता. घटनेची दृश्ये वर्गात दाखवू नका, मजकूर पुरेसा आहे. मुलांना दोन प्रश्न द्या: फीत कापणारा, पुढे पाठवणारा आणि जमावात उभा राहणारा, यांपैकी कोणाला कोणत्या क्षणी थांबता आले असते? आणि भटक्या समाजाच्या अनोळखी माणसांवरच संशय इतक्या पटकन का गेला? दुसऱ्या प्रश्नावर वर्ग शांत होतो. घाई करू नका. वर्गात त्या समाजांतली मुले असतील तर तासापूर्वी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोला.

याच तासाला फॉरवर्डची खूण समजावून द्या. २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना पाठवण्याची मर्यादा आणली. दुहेरी बाण म्हणजे निरोप अनेक हातांतून आला आहे, आणि एप्रिल २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. बाण फक्त प्रवास सांगतो, खरे-खोटे नाही. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला तर बाण नाहीसा होतो.

सहावा आठवडा: घरातला ग्रुप

मुले शिकलेले घेऊन घरी जातात आणि काकांच्या निरोपाखाली ‘हे खोटे आहे’ असे लिहितात. काका दुखावतात, दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येतात. हे टाळता येते. नियम सांगा: चारचौघांत, ग्रुपवर मोठ्यांना खोडायचे नाही, वेगळा निरोप पाठवायचा, आणि आपण काय शोधले ते दाखवायचे. नमुना वर्गात लिहून घ्या: ‘काका, तुम्ही पाठवलेला फोटो मी शोधून पाहिला. तो २०१९ चा दिसतोय, लिंक खाली देतोय. तुम्हाला कुठून आला होता?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यामुळे काकाही मागे वळून स्रोत शोधू लागतात. आजोबा-आजींना औषधोपचाराचा निरोप आला असेल तर वाद न घालता ‘डॉक्टरांना विचारून बघू’ एवढेच म्हणावे.

गुण कसे द्यायचे

खरे-खोटे असे दोनच पर्याय ठेवले की मुले अंदाज बांधतात. चार ठेवा: पक्के, बहुधा खरे, अजून ठरवता येत नाही, चुकीचे. प्रत्येक निर्णयाखाली दोन वाक्ये हवीत: ‘मला असे वाटते, कारण…’ आणि ‘अमुक कळले तर मी मत बदलेन.’ दहापैकी निर्णयाला २, कारणाला ४, शोधलेल्या दुसऱ्या स्रोताला २ आणि मत बदलण्याच्या अटीला २ गुण. ‘अजून ठरवता येत नाही’ या उत्तरालाही कारण नीट दिले असेल तर पूर्ण गुण द्या, नाहीतर मुले खात्रीचे सोंग आणायला शिकतील. चर्चेआधी प्रत्येकाने आपला निर्णय चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवावा. हात वर करायला सांगितले तर हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाकडे पाहून बाकीचे हात वर येतात.

सहा आठवडे संपल्यावर परिपाठाचा क्रम एवढाच बदला: पाच मथळ्यांऐवजी एकच बातमी, आणि तिच्याबद्दल तीन वाक्ये: कोणी सांगितले, आणखी कुठे आले, अजून काय कळायला हवे. बातमीवहीत तिची नोंद तारखेसह ठेवा आणि महिनाअखेरीस त्याच बातमीचे पुढे काय झाले ते शेजारच्या कोऱ्या पानावर लिहा. पेपरने ‘दुरुस्ती’ किंवा ‘खुलासा’ छापला असेल तर तो कापून तिथेच चिकटवा. मूळ बातमी किती जागेत होती आणि खुलासा किती जागेत, हे पट्टीने मोजायला मुलांना सांगा. दुरुस्ती छापणाऱ्या पेपरच्या नावापुढे मात्र एक चांगली खूण करा.